तळमजल्यावरचं घड्याळ

दरवर्षी रूम अलॉटमेंटची यादी लागली की आपल्या हॉस्टेलमध्ये एकच भांडण सुरू होतं. तळमजला कोणाला आणि तिसरा मजला कोणाला? नागपूरचा मे महिना ज्यानं वरच्या मजल्यावर काढलाय त्याला कारण सांगायला नको. रात्रीचे दोन वाजले तरी स्लॅब गरमच, कूलरमधून गरम वारा आणि नळाला चहा टाकावा असं पाणी. गेल्या वर्षी मला तिसरा मजला लागला. ट्रंक उचलू लागलेला तळमजल्याचा मित्र जिन्यात म्हणाला, "टेन्शन काहून घेतं बे? वर राहून थोडा लवकर म्हातारा होशील, अजून काय!"

तो गमतीनं बोलला. पण भौतिकशास्त्राच्या हिशोबानं ते अक्षरशः खरं आहे. तळमजल्यावरचं घड्याळ तिसऱ्या मजल्यावरच्या घड्याळापेक्षा खरोखरच हळू चालतं. घड्याळात बिघाड असतो म्हणून नाही, तर तिथे वेळच हळू जाते म्हणून. आइन्स्टाइनचा व्यापक सापेक्षता सिद्धांत, अवकाशकाल, कृष्णविवर हे सगळे जड शब्द या एका गोष्टीचा धागा धरून समजून घेता येतात. त्यासाठी अवघड गणिताची गरज नाही. फर्स्ट इयरचं फिजिक्स आणि सर्व्हेइंगमधलं एक प्रकरण पुरतं.

हिंगणघाटची कबर आणि त्रिकोणाचे कोन

मी सिव्हिलचा, म्हणून सुरुवात सर्व्हेइंगपासून करतो. नागपूरपासून साधारण पाऊणशे किलोमीटरवर हिंगणघाटला विल्यम लॅम्ब्टन या इंग्रज अधिकाऱ्याची कबर आहे. १८०२ मध्ये मद्रासजवळ एक बेसलाइन मोजून त्यानं त्रिकोणांची साखळी दक्षिणेतून उत्तरेकडे न्यायला सुरुवात केली. यालाच पुढे ग्रेट ट्रिगोनॉमेट्रिकल सर्व्हे म्हणू लागले. अर्धा टन वजनाचं थिओडोलाइट बरोबर घेऊन तो वीस वर्षं फिरला आणि १८२३ मध्ये नागपूरकडे येत असतानाच हिंगणघाटला वारला. आपण झिरो माइलच्या खांबाजवळ फोटो काढतो, पण ज्यानं हे मोजमाप सुरू केलं तो माणूस आपल्या इतक्या जवळ झोपलाय हे आपल्याला माहीत नसतं.

लॅम्ब्टनच्या त्रिकोणांत एक गोष्ट लक्षात घ्यावी लागायची. शाळेत आपण शिकलो की त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश. जमिनीवरच्या मोठ्या त्रिकोणात ती थोडी जास्त भरते. सर्व्हेइंगच्या पुस्तकात याला स्फेरिकल एक्सेस म्हणतात. दर १९७ चौ. किमी क्षेत्रफळामागे साधारण १ सेकंद. इथे सेकंद म्हणजे कोनाचा, अंशाचा ३६०० वा भाग. नागपूर, अमरावती आणि चंद्रपूर असा त्रिकोण घ्या. क्षेत्रफळ ढोबळमानानं ९,५०० चौ. किमी. म्हणजे कोनांची बेरीज १८० अंशांपेक्षा सुमारे ४८ सेकंदांनी जास्त.

यातला मुद्दा नीट बघा. पृथ्वी वाकलेली आहे हे कळायला लॅम्ब्टनला पृथ्वी सोडून वर जावं लागलं नाही. जमिनीवर उभं राहून, फक्त कोन आणि अंतरं मोजून वक्रता सापडली. स्वतः सर्वेक्षणाचं काम केलेल्या गाउसनं १८२७ मध्ये हेच गणितानं सिद्ध केलं: पृष्ठभागाची वक्रता त्या पृष्ठभागाच्या आत राहूनच मोजता येते. पुढे रीमाननं १८५४ मध्ये ही कल्पना दोन मितींवरून कितीही मितींपर्यंत नेली. आइन्स्टाइनला लागणारी हत्यारं तयार झाली होती. फक्त कशाची वक्रता मोजायची, हा प्रश्न बाकी होता.

पडणाऱ्याला वजन नसतं

१९०७ मध्ये आइन्स्टाइन बर्नच्या पेटंट कचेरीत नोकरीला होता. तिथे बसल्या बसल्या त्याच्या मनात आलं की छपरावरून पडणाऱ्या माणसाला, पडत असेपर्यंत, स्वतःचं वजन जाणवणार नाही. त्याच्याबरोबर पडणारा हातोडा त्याच्या शेजारीच तरंगताना दिसेल. जड आणि हलकी वस्तू सारख्याच वेगानं पडते हे गॅलिलिओपासून माहीत होतं. पण त्याचा अर्थ आइन्स्टाइननं असा लावला की गुरुत्वाकर्षण हे ओढणारं बल नसावंच. ज्याचा परिणाम प्रत्येक वस्तूवर अगदी सारखा होतो, तो त्या वस्तूचा गुण नसून त्या जागेचाच गुण असला पाहिजे.

जागेचा म्हणजे नेमका कशाचा? इथे 'अवकाशकाल' हा शब्द येतो. समजा गॅदरिंगची मीटिंग आहे. तुम्ही नुसतं "कॉमन रूममध्ये या" म्हणालात तर कोणी येणार नाही, वेळही सांगावी लागते. कोणतीही घटना सांगायला तीन आकडे जागेचे आणि एक वेळेचा, असे चार आकडे लागतात. या चौघांचं मिळून जे एक अखंड क्षेत्र होतं त्याला अवकाशकाल म्हणतात. आइन्स्टाइननं नोव्हेंबर १९१५ मध्ये मांडलेलं समीकरण शब्दांत सांगायचं तर एवढंच आहे: वस्तुमान आणि ऊर्जा अवकाशकालाला वाकवतात, आणि त्या वाकलेल्या अवकाशकालात वस्तू आपापल्या सगळ्यात सरळ वाटेनं जातात.

टीव्हीवर हे समजवायला ताणलेली चादर आणि मधे जड गोळा दाखवतात. उपमा वाईट नाही, पण तिच्यात दोन गडबडी आहेत. एक म्हणजे गोळा चादरीला दाबतो तो गुरुत्वाकर्षणामुळेच, म्हणजे जे समजवायचं तेच आपण आधी गृहीत धरलं. दुसरी गडबड जास्त मोठी आहे. चादरीत फक्त जागा वाकलेली दिसते, वेळ दिसतच नाही. आणि आपल्या रोजच्या अनुभवातलं गुरुत्वाकर्षण, म्हणजे हातातून सुटलेला मोबाइल खाली पडणं, हे जवळजवळ सगळं वेळेच्या वाकण्यामुळे घडतं.

ते कसं? बैलगाडी आठवा. एक चाक चिखलात रुतून हळू झालं आणि दुसरं कोरड्यावरून नेहमीसारखं फिरत राहिलं, तर गाडी हळू चाकाच्या बाजूला वळते. तिला कोणी त्या बाजूला ओढत नाही. तसंच प्रत्येक वस्तू काळातून सतत पुढे जात असते. जमिनीकडच्या बाजूला काळ किंचित हळू, वरच्या बाजूला किंचित जलद. म्हणून तिची वाट जमिनीकडे वळते. यालाच आपण 'पडणं' म्हणतो. उपमा ढोबळ आहे, पण दिशा बरोबर दाखवते.

हॉस्टेलचा हिशोब

आता आकडे घालू. दोन घड्याळांच्या उंचीत एच मीटरचा फरक असेल, तर त्यांच्या चालीतला फरक येतो 'जी एच बाय सी स्क्वेअर'. जी म्हणजे ९.८, तिसरा मजला तळमजल्यापासून १० मीटर वर धरू, आणि सी म्हणजे प्रकाशाचा वेग, सेकंदाला ३० कोटी मीटर. उत्तर येतं साधारण १ भागिले एकावर पंधरा शून्यं. चार वर्षांत सुमारे १२ कोटी ६० लाख सेकंद असतात. गुणाकार केला की चार वर्षांच्या इंजिनिअरिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा तळमजल्यावरच्यापेक्षा सुमारे १४० नॅनोसेकंदांनी जास्त म्हातारा होतो. बॅकलॉग राहिला तर अजून थोडा!

हे ऐकून मित्र म्हणाला, "एवढ्याशा फरकाचं काय लोणचं घालतं?" प्रश्न रास्त आहे. पण हा फरक लोकांनी मोजलाय. १९६० मध्ये पाउंड आणि रेब्का यांनी हार्वर्ड विद्यापीठात २२.५ मीटर उंचीच्या मनोऱ्यात गॅमा किरण वापरून तो तपासला. २०१० मध्ये अमेरिकेत दोन अणुघड्याळांच्या उंचीत फक्त ३३ सेंटिमीटरचा फरक ठेवून तो पकडला. ३३ सेंटिमीटर म्हणजे आपल्या जिन्याच्या दोन पायऱ्या! २०२२ मध्ये तर एक मिलिमीटरच्या अंतरातही तो मोजला गेला.

आणि रोजच्या व्यवहारातही तो आहे. रात्री बर्डीवरून ऑटो बोलावताना तुम्ही मोबाइलवर जे जीपीएस वापरता, त्याचे उपग्रह सुमारे २०,२०० किमी उंचीवर फिरतात. उंचीमुळे त्यांची घड्याळं दिवसाला ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात, वेगामुळे ७ मायक्रोसेकंद मागे पडतात. निव्वळ फरक ३८ मायक्रोसेकंद. तेवढ्या वेळात प्रकाश ११ किमी जातो. दुरुस्ती केली नसती तर अंतराच्या हिशोबात रोज एवढी चूक साचत गेली असती. म्हणून उपग्रहातलं घड्याळ पाठवण्याआधीच मुद्दाम किंचित हळू लावतात. आपल्या नाविक प्रणालीच्या उपग्रहांनाही हा हिशोब चुकत नाही. १९१५ मध्ये या समीकरणाचा उपयोग काय असं कोणी विचारलं असतं, तर 'ऑटो बोलावणं' हे उत्तर खुद्द आइन्स्टाइनलाही सुचलं नसतं.

कृष्णविवर म्हणजे भोक नव्हे

हाच परिणाम टोकाला नेला की कृष्णविवर मिळतं. आइन्स्टाइनचं समीकरण येऊन काही आठवडे होत नाहीत तोच, पहिल्या महायुद्धात सैन्यात असलेल्या कार्ल श्वार्झशिल्डनं त्याचं एका गोल ताऱ्यासाठीचं उत्तर काढलं. त्यातून एक विशिष्ट त्रिज्या निघते. सगळं वस्तुमान त्या त्रिज्येच्या आत दाबलं तर तिथून प्रकाशही बाहेर येऊ शकत नाही. सूर्यासाठी ती त्रिज्या ३ किमी. म्हणजे आख्खा सूर्य आपल्या रिंग रोडच्या आत बसवावा लागेल. पृथ्वीसाठी ९ मिलिमीटर, म्हणजे एका कंच्याएवढी!

असा दाब निसर्गात येतो कुठून? मोठ्या ताऱ्याचं इंधन संपलं की त्याला आतून तोलून धरणारं काही उरत नाही. विझलेला पांढरा बटू तारा सूर्याच्या सुमारे १.४ पटीपेक्षा जड असू शकत नाही, हे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी विशीत असताना दाखवलं. त्याहून फारच जड गाभा उरला तर शेवटी तो कोसळत राहतो.

कृष्णविवर सगळं काही गिळत सुटतं असा एक गैरसमज आहे. सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचं कृष्णविवर ठेवलं, तर अंधार होईल, थंडी पडेल, पण पृथ्वी आजच्याच कक्षेत फिरत राहील. वेगळेपण आहे ते जवळ गेल्यावर. तिथे तळमजला आणि तिसरा मजला यांच्या घड्याळांतला फरक नॅनोसेकंदांचा राहत नाही. काठाच्या अगदी जवळ कोणी घिरट्या घालत राहिला तर त्याचे काही तास आणि आपली कित्येक वर्षं असा हिशोब होऊ शकतो. त्या काठाला घटनाक्षितिज म्हणतात. तिथे भिंत नाही, पाटी नाही. दुरून बघणाऱ्याला आत पडणाऱ्याचं घड्याळ हळू हळू होत थांबल्यासारखं दिसतं. पडणाऱ्याला स्वतःला मात्र आपलं घड्याळ नेहमीसारखंच चालताना दिसतं आणि तो काठ ओलांडून जातो. परतीची वाट तेवढी उरलेली नसते.

मराठीत हा विषय घरोघरी नेला तो जयंत नारळीकरांनी. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी त्यांनी 'कृष्णविवर' याच नावाची कथा पाठवली. आपल्या नावाचा प्रभाव पडू नये म्हणून टोपणनाव घेतलं नारायण विनायक जगताप. त्यांच्याच आद्याक्षरांचा क्रम उलटा! कथेला पहिलं बक्षीस मिळालं. कोल्हापूरला जन्मलेले, केंब्रिजहून परत आलेले आणि १९८८ मध्ये पुण्यात 'आयुका' उभी करणारे नारळीकर सर २० मे २०२५ रोजी गेले.

ते एकटे नव्हते. त्यांचे वडील विष्णु वासुदेव नारळीकर बनारसला सापेक्षतेवर काम करत होते. त्यांच्याकडे १९४२ मध्ये आलेल्या प्र. चु. वैद्य यांनी प्रकाश फेकणाऱ्या ताऱ्याचं जे उत्तर काढलं ते आज जगभर 'वैद्य मेट्रिक' म्हणून ओळखलं जातं. कोलकात्याचे अमल कुमार रायचौधुरी यांचं १९५५ चं समीकरण पेनरोजच्या कामात पायाचा दगड ठरलं. बंगळुरूच्या सी. व्ही. विश्वेश्वरांनी १९७० मध्ये दाखवलं की धक्का बसलेलं कृष्णविवर घंटेसारखं निनादत शांत होतं. आणि आयुकातले संजीव धुरंधर नव्वदच्या दशकापासून, गोंगाटात दडलेला गुरुत्वीय लहरींचा क्षीण संदेश कसा ओळखायचा याच्या पद्धती तयार करत होते. लहरी सापडायला तेव्हा अजून वीसेक वर्षं होती!

औंढ्याचा मुलगा

१४ सप्टेंबर २०१५ रोजी तो संदेश आला. सूर्याच्या ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षं दूर एकमेकांत विलीन झाली होती. तीन सूर्यांएवढं वस्तुमान लहरींच्या रूपानं निघून गेलं. त्या लहरी अमेरिकेतल्या लायगो या दोन यंत्रांनी टिपल्या. यंत्र इंग्रजी एल अक्षरासारखं असतं. चार-चार किमी लांब दोन निर्वात नळ्या, त्यांत लेसर, टोकांना आरसे. लहर आली की एक बाजू किंचित लांब होते, दुसरी आखूड. किती? प्रोटॉनच्या व्यासाच्याही शेकडो पटींनी कमी. लॅम्ब्टनच्या साखळीचंच हे पुढचं टोक. अवकाशकालाची वक्रता, अवकाशकालाच्या आत राहूनच मोजायची.

१४ जानेवारी २०२५ ला आणखी स्पष्ट संदेश मिळाला. सूर्याच्या साधारण ३३ पटीची दोन कृष्णविवरं, दोघांच्या क्षितिजांचं मिळून क्षेत्रफळ सुमारे २ लाख ४० हजार चौ. किमी. विलीन झाल्यावर ते झालं सुमारे ४ लाख. आपला महाराष्ट्र ३ लाख ८ हजार चौ. किमी आहे. म्हणजे आधी महाराष्ट्रापेक्षा लहान, नंतर मोठं! क्षितिजाचं क्षेत्रफळ कधी कमी होत नाही, असं हॉकिंगनं १९७१ मध्ये म्हटलं होतं. ते असं मोजून पटलं.

हे वाचताना मला माझा रूममेट आठवला, कारण तो समोरच्या खाटेवरच झोपला होता. कोणी गाव विचारलं की तो "नांदेडकडचा" म्हणून मोकळा व्हायचा. खरं गाव हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यात. आणि भारतातलं लायगो नेमकं त्याच तालुक्यात होणार आहे! एप्रिल २०२३ मध्ये केंद्रानं २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली आणि २०३० पर्यंत काम पूर्ण करायचं उद्दिष्ट ठेवलं. जागा निवडताना जमीन शांत हवी, कंप कमी हवेत हे बघितलं जातं. मोठी गर्दी, मोठे कारखाने नसणं हाच तिथे गुण ठरतो. ज्याला आपण मागासलेपण म्हणून लाजतो, तेच.

मी त्याला उठवून विचारलं तर म्हणाला, "माहीत आहे. आमचे बाबा म्हणतात, त्या मशीननं हळदीला भाव मिळंल का?"

मला लगेच उत्तर सुचलं नाही. खरं उत्तर 'नाही' असंच आहे, आणि ते सरळ सांगितलं पाहिजे. कृष्णविवरांच्या टकरीनं हळदीचा भाव वाढत नसतो. पण दुसरी बाजूही आहे. हे यंत्र म्हणजे कित्येक किलोमीटर लांब निर्वात नळ्यांचं वेल्डिंग आहे, न हलणारा पाया आहे, कंप शोषणारी टांगणी आहे, कंट्रोल सिस्टिम आणि सिग्नल प्रोसेसिंग आहे. सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर, आपल्या सगळ्या ब्रँच त्यात आहेत. आणखी एक. लहर नेमकी आकाशात कुठून आली हे एका यंत्रावरून कळत नाही. पृथ्वीवर दूर दूरच्या यंत्रांवर ती किती मिलिसेकंदांच्या फरकानं पोचली यावरून दिशा काढतात. म्हणजे पुन्हा त्रिकोणच! एका टोकाला अमेरिका, एका टोकाला युरोप आणि एका टोकाला औंढा.

रूममेट कॅम्पसमध्ये सॉफ्टवेअर कंपनीची तयारी करतोय. घरी कर्ज आहे, त्यामुळे ते बरोबरच आहे. त्याला उपदेश करणारा मी कोण? पण गेल्या महिन्यात ज्युनिअर्सच्या ओळखपरेडीत त्यानं पहिल्यांदा गाव सांगितलं ते "औंढ्याचा." आणि कोणीतरी "ते कुठे आलं?" विचारल्यावर अर्धा तास बोलत होता.

जाता जाता थोडा गृहपाठ. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटरला घड्याळ वर्षाला साधारण १ मायक्रोसेकंद पुढे जातं. नागपूर सुमारे ३१० मीटरवर आहे, म्हणजे मुंबईच्या किनाऱ्यावरच्या घड्याळापेक्षा आपण वर्षाला एक मायक्रोसेकंद पुढे. चिखलदरा ११०० मीटरच्या आसपास, तिथे जवळजवळ चार. आता आपापल्या गावाची उंची शोधा आणि जी एच बाय सी स्क्वेअर काढून रूमच्या दारावर लिहा. तळमजलावाल्यांनीही लिहा. गारवा तुमच्याकडे आहे, तारुण्यही तुमच्याकडे, निदान हिशोब तरी आमच्याबरोबर करा!